नत्थुजीच्या मोटारीचा लाल दिवा

मोर्शीचा नत्थुजी आपल्या मोटारीला बायकोपेक्षा जास्त जपायचा, आणि हे तो चारचौघांत, बायकोच्या देखतच सांगायचा. जुनी मोटार होती, मोर्शी ते अमरावती भाड्याने चालायची, तिच्यावर घर चालायचं. केशरबाईने, म्हणजे बायकोने, तिला हात लावलेला त्याला खपत नसे. तो हक्क जगात एकालाच होता, अमरावतीला वलगाव रस्त्यावर गॅरेज टाकलेल्या शफीकला. दोघे पोरवयात एकाच लॉरीवर क्लीनर होते, एका ताटात जेवलेले. मोर्शीच्या स्टँडवरचे सगळे टॅक्सीवाले नत्थुजीच्याच शब्दावर शफीककडे जात, आणि त्यांच्यावरच शफीकचं पोट होतं.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात मोटारीचा लाल दिवा चालत्या गाडीत पेटायला लागला. इंजिनात तेल नीट फिरेनासं झालं की हा दिवा लागतो. शफीकने खालचं तेलाचं भांडं खोललं, जाळी धुतली, नवं तेल ओतलं. दिवा विझला आणि थोड्या दिवसांनी पुन्हा हजर. मग नत्थुजीने घरीच अंगणात ठाण मांडलं. बल्ब बदलून पाहिला, वायर नवी जोडली, पट्टी बुडवून तेल मोजलं. तेल काठोकाठ होतं, तरी दिवा डोळे वटारून बसलेला. शेवटी त्याने स्वतःच भांडं खोललं, तर जाळीवर डिंकासारखा चिकट थर. तेल शफीकच्या दुकानचं, म्हणजे भेसळ शफीकची. हिशेब सोपा होता, आणि रागावलेल्या माणसाला सोपा हिशेब फार आवडतो.

गॅरेजात जाऊन विचारता आलं असतं. पण शफीक कुणाची गाडी पाहायला मोर्शीला आला तेव्हा नत्थुजीने त्याला स्टँडवर गाठला आणि सगळ्यांसमोर भेसळखोर म्हटलं. शफीक आवाज न चढवता म्हणाला, "नत्थू, डबा तुह्या डोयासमोर फोडला होता. मंग मी मिसळलं कवा?"

नत्थुजीने मात्र आवाज चढवला.

टॅक्सीवाले एकेक करून तुटले. दिवाळीच्या आत शफीकने गॅरेजला कुलूप घातलं आणि अकोल्याला एका ट्रकवाल्याकडे रोजाने लागला.

त्यानंतर एका शनिवारी नत्थुजी तापाने घरी पडून होता. केशरबाई मारुतीला तेल वाहून आली आणि वाटीतलं उरलेलं जवसाचं तेल घेऊन सरळ मोटारीकडे गेली. तिने बॉनेट उचललं, रोजच्या सवयीने झाकण फिरवलं, तेल आत ओतलं आणि मोटारीला हात जोडले. तो उठून बाहेर आला. वर्षभर दर शनिवारी पहाटे, तो झोपेत असताना, ती हेच करत होती.

"चावी फिरवली का लाल दिवा लागते," ती म्हणाली. "कायचा म्हून पुसलं, तं तुमीच म्हनलं, गाडी तेल मागते. देवाचं तेल देलं तं तुमाले रस्त्यात जपन, असं वाटलं मले."

चावी फिरवल्यावर तो दिवा चांगल्या गाडीतही क्षणभर लागतोच, आणि जवसाचं तेल तापून तापून चिकटा धरतं, हे नत्थुजीला चांगलं ठाऊक होतं. त्याने समजावून सांगितल्यावर केशरबाई रडली. चला अकोल्याला, मी शफीकभाऊंच्या पाया पडते, म्हणाली. नत्थुजीने तिला दटावलं, की स्टँडवर लोक आपल्याला हसतील, तोंड बंद ठेव. चूक झाली होती अडाणीपणाने. हा मात्र निव्वळ नीचपणा होता. त्याने इंजिन धुऊन काढलं आणि दिवा पुन्हा कधी लागला नाही.

पुढच्या वर्षी बाळापूरचं भाडं सोडून परतताना तो अकोल्यात थांबला, तर समोरच्या ट्रकखालून शफीक निघाला. वाळला होता. त्याने हात पुसले, चहा मागवला आणि विचारलं, "दिवा लागते का अजून?"

"नाई."

"तेल कोनाचं टाकतं?"

नत्थुजीने अमरावतीतल्या एका दुकानाचं नाव घेतलं.

"मंग माह्याच तेलात खोट असन, नत्थू. लय इचार केला, मले सापडली नाई. माफ कर मले."

झालं गेलं विसरून जा, असं नत्थुजी मोठ्या मनाने म्हणाला. त्याने शफीकला माफ केलं, त्याच्याच पैशाचा चहा प्याला आणि गाडीत जाऊन बसला.