लाकडाचं सार

शेण, गोमूत्र, दूध, दही आणि तूप कालवून ओंजळीत ओततात, त्याला पंचगव्य म्हणतात. ते घेताना तोंड वाकडं करायचं नसतं. मी केलं. कल्याणला उल्हास नदीच्या काठी डोकं भादरून, ओल्या पंच्यानिशी कुडकुडत बसलो होतो आणि घोट नरड्यातून परत वर येत होता. समोर थोरले काका. वडिलांचे चुलतभाऊ आणि आमच्या ज्ञातीतले सर्वांत कर्मठ गृहस्थ.

"गीळ," ते म्हणाले. "समुद्र ओलांडताना बरी शिसारी आली नाही!"

गिळलं. धाकट्या बहिणीसाठी गिळलं. तिचं बारावं सरत आलं होतं, म्हणजे बिनलग्नाची म्हणून लोकांनी नावं ठेवायचं वय. ठाण्याची सोयरीक जमत आली होती, पण मी मुंबईच्या एका रेशमाच्या पेढीचा कारकून म्हणून वर्षभर जपानात राहून आलो, एवढ्यावर ती मोडू घातली होती. मुलाकडचा निरोप स्वच्छ होता: काका माझ्या पंगतीला जेवले तर लग्न, नाहीतर दुसरं स्थळ बघा.

शिसारी आली नाही हे मात्र काकांचं म्हणणं साफ खोटं. योकोहामाला ज्या घरी उतरलो, तिथं पहिल्याच सकाळी घरच्या बाईंनी माझ्यापुढं आंबवलेले दाणे ठेवले. शेंबडासारखे चिकट, काडीला तारा सुटलेले, वास भिजलेल्या वहाणांचा. शेजारी कच्चा मासा, चकाकणारा. मी अंगणात जाऊन ओकलो. मग खुणांनी सांगितलं, मासा नको.

बाई समजूतदार. त्यांनी मला चुलीपाशी बसवून रांधायला शिकवलं. तांदूळ किती पाण्यांनी धुवायचा, मुळा कसा खारवायचा आणि मुख्य म्हणजे सार. एक काळपट, दगडासारखा टणक ठोकळा सुताराच्या रंध्यावर घासायचा. गुलाबी ढलप्या पडायच्या. त्या आधणात टाकून लगेच गाळायचं. दालचिनी झाडाची साल, तसं हे कुठल्याशा झाडाचं मूळ, असं मी धरून चाललो. धुराचा वास यायचा, तो काय, जळक्या लाकडालाही येतो. बाई माझ्या वाटीतला माशाचा तुकडा आठवणीनं काढून घ्यायच्या आणि सार काठोकाठ भरून द्यायच्या. त्यावरच मी वर्ष काढलं. येताना एक ठोकळा आणि रंधा ट्रंकेत घालून आणला.

पंचगव्यानं काकांचं समाधान होईना. "तिथं काय चरत होतास ते माझ्यासमोर रांध," ते म्हणाले. मला आनंदच झाला. त्यांनी ठोकळा वाजवून पाहिला, नखानं खरवडला, हुंगला. "कोरड्या लाकडाला विटाळ नाही," असा निवाडा दिला.

मी सोवळ्यानं सार केलं, वर आल्याचा रस पिळला. काकांनी माझ्या शेजारी पाट मांडून घेतला आणि भुरका मारला. डोळे मिटले. दुसरी वाटी मागितली. तिसरी संपल्यावर बोटं चाटली, मिशीवरचा ओघळसुद्धा सोडला नाही.

"याला म्हणतात सात्त्विक अन्न!" ते म्हणाले. "उद्याच ठाण्याला जातो." ढेकर देऊन निघाले.

ते ओटा उतरतात न उतरतात तोच आतून बहिणीची हाक आली, "दादा, मांजर लाकूड खातं का रे?"

मांजर ठोकळ्याला बिलगून गुरगुरत होतं. हुसकलं तर अंगावर फिसकारलं. चुलीच्या वाफेनं ठोकळा ओलसर झाला होता. मी तो नाकाशी नेला. बाजारात सुक्या बोंबलांच्या पाट्या दिसल्या की मी उपरणं नाकाला लावून पळायचो. तोच वास, फक्त धुरात गुंडाळलेला. वर्षभराच्या सगळ्या वाट्या एकदम घशाशी आल्या. मोरीत आतडी पिळवटेपर्यंत ओकलो. त्यात पंचगव्यही गेलं. इतकी किळस मला त्या तारा सुटलेल्या दाण्यांचीही आली नव्हती, कारण हे मी मागून मागून प्यालो होतो.

"काकांना गाठतो," मी तोंड पुसत म्हणालो. "अजून लांब गेले नसतील."

बहीण दारात आडवी उभी राहिली. "तुला ओकायचं तेवढं ओक, दादा. त्यांना ओकायला लावू नकोस. माझं लग्न आता त्यांच्या पोटात आहे."

आणि तिनं ठोकळा पुन्हा मांजरापुढं टाकला.

लग्नात काका माझ्याच शेजारी जेवायला बसले. व्याह्यांना मोठ्यानं सांगत होते, "पक्वान्नं झकास आहेत हो, पण ह्याच्या हातच्या त्या साराची सर नाही. काय रे, तो ठोकळा आहे का अजून?"

नवरी पंगतीत तूप वाढत आमच्यापाशी आली होती. वर न बघता म्हणाली, "मांजरानं खाल्ला, काका."

काका ठसका लागेपर्यंत हसले. "वेडी पोर! मांजर कधी लाकूड खातं होय?"

सगळी पंगत हसली. बहिणीनं माझ्या भातावर तुपाची धार सोडली आणि मी घास घेईपर्यंत ती तिथून हलली नाही. मी गिळला.