कासवाचा उपास

सासूबाईंनी आमच्या लग्नाला होकार देताना एकच अट घातली होती: घरात मासे शिजणार नाहीत. मी मालवणकडची. त्यांचा मुलगा आणि मी पिंपरीतल्या एकाच कंपनीच्या ऑफिसात कामाला होतो, प्रेमात पडलो होतो, आणि त्या दिवसांत माणूस काहीही कबूल करतो. मीही केलं. पुढे चिंचवडच्या क्वार्टरमध्ये रोज ताटात येणारी गुळाची आमटी पाहून घास घशाखाली उतरायचा नाही, तो भाग वेगळा. पण शब्द दिला तो दिला. कुरकुर करायची नाही, हा माझा हट्ट.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा नवऱ्याने पुनावळ्याहून येताना एक कासव आणलं. नदीकाठी कुणीतरी दगड मारून त्याची पाठ एका कडेला फोडली होती. सायकलच्या हँडलला डब्याची पिशवी आणि पिशवीत कासव, अशी स्वारी दारात आली. सासूबाईंनी आधी पिशवीकडे पाहून नाक मुरडलं, पण आतलं तोंड दिसताच हात जोडले. विष्णूचा अवतार आपल्या पायांनी घरी आला, म्हणाल्या. पायांनी नाही, पिशवीतून, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मागच्या अंगणात पत्र्याच्या टबात पाणी भरलं, चढून बसायला एक वीट ठेवली. जखमेला हळद लावली. मग नैवेद्य सुरू झाले. दूधभात, केळ्याचे काप, एकादशीला साबुदाणा. कासव कशालाच तोंड लावेना. डोळे मिटून विटेवर पडून राही. दुधाने पाणी नासे आणि ते मी बदलत बसे.

काही दिवसांनी सासूबाईंनीही जेवण सोडलं. पाहुणा उपाशी असताना आपण जेवू नये, असं त्यांचं म्हणणं. नुसत्या चहावर राहू लागल्या. नवऱ्याने परोपरीने समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. गुरांच्या दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी आपण गाई-म्हशींपलीकडे काही पाहिलेलं नाही हे प्रामाणिकपणे सांगून टाकलं. नदीत सोडावं तर फुटक्या पाठीचं ते जगायचं नाही, ठेवावं तर उपाशी मरणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मला कारण ठाऊक होतं. माहेरच्या तळ्यातली कासवं मासे आणि गांडुळं गिळताना मी लहानपणापासून पाहिली होती. पण मालवणच्या सुनेने सासूच्या देवाला मासे खाऊ घाला म्हणायचं कसं? कासवाच्या तोंडून मी माझाच लाड पुरवून घेते आहे, असं वाटलं असतं त्यांना. म्हणून तोंडाला कुलूप.

एका दुपारी टबाशी वाकलेल्या असताना त्यांना घेरी आली. मी धरून पायरीवर बसवलं. अंगाचा भार काही लागलाच नाही. मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो.

"आई, ते दूधभात कधीच खाणार नाही," मी म्हणाले. "नदीतलं आहे ते. मासे खातं, गांडुळं खातं. तुमच्या भक्तीने मरेल ते."

"देव असलं खातो?" त्यांनी हळूच विचारलं.

"देवाचं मला माहीत नाही. हे कासव खातं."

वाटलं, आता मला माहेरी धाडतात. पण त्या भिंत धरून उठल्या, स्वयंपाकघरातला कालथा घेऊन आल्या आणि थेट तुळशीपाशी बसल्या. त्या कोरड्या अंगणात रोज पाणी मिळणारी ओली माती तेवढीच होती. तुळशीची क्षमा मागून त्यांनी कडेची माती उकरली. एक गांडूळ निघालं. हात लावायचं धाडस होईना, मातीसकट कालथ्यावर घेऊन त्यांनी ते टबात सोडलं.

कासवाने कितीतरी वेळ काहीच केलं नाही. मग एक डोळा उघडला, मान लांब झाली आणि गांडूळ गेलं. सासूबाई पदरात तोंड लपवून रडल्या. मलाही रडू आलं. मी आत जाऊन त्यांना वरणभात कालवून आणला आणि तिथेच पायरीवर बसून त्या जेवल्या.

हात धुताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुला इथलं जेवण जातं का गं?"

"सवय झालीय," मी म्हणाले.

"त्यालाही झाली असती," त्या म्हणाल्या, "जगलं असतं तर."

पुढे कासव चांगलं सावरलं. पण त्याआधीच, त्याच आठवड्यातल्या रविवारी, सासूबाईंनी माळ्यावरून एक जुनं पातेलं काढलं आणि मागच्या दारी वातींच्या स्टोव्हशेजारी ठेवलं. माझ्या भांड्यांत मिसळू नकोस, एवढंच बजावलं. मग माझ्याकडे पाठ करून देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि मी बाजाराला निघताना दार ओढून घेतलं तेव्हा तिथूनच विचारलं, बाजाराची पिशवी वेगळी घेतलीस ना.