मनकर्णाची मधली पात

कापूस वेचण्यात मनकर्णाइतकी मंद बाई गावात दुसरी नव्हती, तरी वेचणी तिच्याशिवाय रंगत नसे. बाया ओळीनं लागल्या की मधली पात तिची. दोन्ही अंगच्या बायांना तिचं बोलणं ऐकू जावं म्हणून.

बोलणं म्हणजे रविवारची मालिका. भारनियमनाची ती वर्षं. अकोटकडच्या त्या गावात रविवारी सकाळी बरोबर मालिकेच्या वेळेला लाईन जायची. टीव्ही चाले तो फक्त मनकर्णाच्या शेजारी, जैनबबीकडे. तिचा नवरा अब्दुल गफ्फार ऑटोची बॅटरी काढून जोडून द्यायचा. मालिका पाहून मनकर्णा खुशालरावांच्या वावरात पोचे तेव्हा उन्हं डोक्यावर आलेली असत. मग ती सांगे. पंखवाला बैल, बोलणारी विहीर, राक्षसाकडून सात किल्ले परत घेणारी राणी मेघावती, आणि तिची तलवारबाज मैत्रीण दुर्जया. एका रविवारची गोष्ट ती शनिवारपर्यंत पुरवून पुरवून वापरी. आणि रविवारी संध्याकाळी वेचलेला कापूस मोजायला काट्यावर जायच्या आधी प्रत्येक बाई आपल्या ओटीतला ओंजळभर कापूस मनकर्णाच्या गाठोड्यात टाकी. बुडालेल्या सकाळची भरपाई. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपसूक पडून गेलं होतं.

बायांनाही गोष्ट हवीच होती. त्या वर्षांत गावात दोन बाया बोलायला बसल्या की कुणा कर्जबाजारी शेतकऱ्याचं कालचं मरण निघे. त्यापेक्षा पंखवाला बैल बरा.

एरवी मनकर्णाला विचारतं कोण? नवऱ्यानं दुसरी करून मूर्तिजापुरात संसार मांडला, त्याला वीस वर्षं झाली. ती बापाकडे आली, बाप गेला, घर उरलं. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. याच बाया, मनानं वाईट नव्हत्या हो, पण या एका बाबतीत दगड. वेचणी नसली की तिच्या तोंडून शब्द निघे तो शेळीशी. माणसांत बसायची तिची जागा म्हणजे ती मधली पात, बस्स.

तीन वर्षांनी मालिका संपली. शेवटच्या भागात राजगुरू म्हणाला, सिंहासनाला शाप आहे, राणीनं जीव दिल्याशिवाय उतरायचा नाही. सात किल्ले जिंकलेली मेघावती हसत हसत आगीत गेली, आणि मुकुट चढला सेनापतीच्या डोक्यावर, ज्यानं एक किल्ला धड राखला नव्हता. दुर्जया लाल शालूत दाराआडून लाजत होती.

"इत्ते साल काय को देखे गे अपन?" जैनबबीनं फटकन टीव्ही बंद केला.

मनकर्णा वावराकडे निघाली खरी, पण तिचे पाय उचलत नव्हते. संताप संताप झाला होता तिचा. तीन वर्षं ज्या बाईला आपण रोज या बायांत आणून बसवलं, तिला आज आपल्याच तोंडानं जाळायचं? वावराच्या बांधावर, धुऱ्यावर येईपर्यंत तिनं ठरवलं, नाही जाळायचं.

"मंग काय झालं वं?" शेजारच्या पातीतल्या आशाबाईनं लांबूनच विचारलं.

मनकर्णानं ओटी बांधली. "मंग राणीनं राजगुरूले हाकललं. मुकुट देल्ला फेकून. डोंगरावर एक घर बांधलं आन राह्यली तिथं. एकटी. सुखात."

आशाबाईचा हात बोंडावरच थांबला. "एकटी?"

"हो. एकटी."

"कोन राहू देईन तिले? काही सांगतं बाप्पा!"

सगळ्या हसल्या. पंखवाल्या बैलावर तीन वर्षांत कुणी शंका घेतली नव्हती. विहीर बोलली तेव्हाही नाही.

नवी सून रागिणी म्हणाली, "खरं सांग मावशी, मेली ना ते?"

मनकर्णानं सगळ्यांची तोंडं पाहिली.

"मेली," ती म्हणाली. "आगीत गेली. हासत."

"मंग असं सांग ना!" आशाबाईनं डोळ्यांना पदर लावला. बायांना बरं वाटलं. राणी राणीसारखी गेली म्हणाल्या. त्या संध्याकाळी गाठोड्यात पडलेल्या ओंजळी कधी नव्हे इतक्या मोठ्या होत्या, गाठ मारता येईना.

सोमवारी मधल्या पातीत रागिणी लागली. तिच्या नव्या मोबाइलवर गाणी वाजत होती. मनकर्णाला कुणी मुद्दाम सरकवलं नाही. ती आली तेव्हा धुऱ्याकडची शेवटची पात तेवढी उरली होती. एका बाजूला वाळलेलं गवत, दुसऱ्या बाजूला आशाबाई, पाठ करून.

बाया भराभर पुढं गेल्या. मनकर्णा मागे राहिली आणि बोंडं खुडता खुडता हलक्या आवाजात बोलू लागली.

"मंग राणी सकाऊन उठली. चूल पेटवली. दोन भाकरी केल्या, एक आपल्याले, एक बैलाले. आन कोनीच तिले काही म्हनलं नाही."