रातपाळीच्या वेळेचे गाणे

मांडव उतरतो, भाड्याच्या खुर्च्या परत जातात, तुडवलेले गवत पुन्हा उभे राहते आणि मग कुठे किस्से जमू लागतात. आमच्या भिलाईच्या मराठी मंडळात रविवारी सकाळी चार माणसे चहाला बसली की त्या महोत्सवाची गोष्ट निघतेच. सांगणारा प्रत्येक जण आपल्या पदरचा थोडा मसाला घालतो. माझे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. तेव्हा मी मसाला वगळून सांगतो. जमेल तितका!

* * *

महाराजांच्या राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षे झाली तेव्हा आम्ही उघड्या मैदानावर गीतांचा महोत्सव करायचे ठरवले. वृंदगायन, पोवाडे, ढोलताशे, सगळा थाट. बैठकीत देवरावजी चौधरी उभे राहिले. हे पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधले निवृत्त क्रेनचालक. तरुणपणी मंडळात त्यांच्यासारखा आवाज दुसरा नव्हता. पुढे मिलच्या गोंगाटाने कान गेले आणि कानांमागोमाग गाणेही गेले.

"एक गाणं मले द्या," ते म्हणाले. "मंग कधीच नाही मागत."

चिटणीस कोलते अवघडले. ऐकू न येणाऱ्या माणसाला एवढ्या लोकांपुढे उभे करावे कसे, आणि नाही म्हणावे तरी कसे? शेवटी त्यांनी रात्री नऊची वेळ दिली.

नऊची वेळ म्हणजे काय, हे भिलाईकरालाच कळते. रातपाळी दहाला लागते. नऊ वाजले की गाणारा कोणीही असो, निम्मे मैदान उठते. पाळीवाले उठले की त्यांची बायकापोरे उठतात आणि त्यांच्या मागे शेजारीही.

कोलत्यांनी देवरावजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितले, "काकाजी, नऊले सामने नुसत्या खुर्च्या राह्यतात!"

"खुर्च्या त खुर्च्या! मधातून उठून त नाही जात!"

सगळे हसले. बाहेर पडताना देवरावजींनी मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारले, "गुरुजी, धा-पाच माणसं तरी बसतीन ना?"

हळू, असे त्यांना वाटले. अख्ख्या सभागृहाने ऐकले.

* * *

वृंदगायनात सगळे कारखान्यातले. कोणी पहिल्या पाळीत, कोणी दुसऱ्या, कोणी रातपाळीत. सगळे एकत्र भेटणार कधी? म्हणून कोलत्यांनी तालीमही पाळ्यांत लावली. पहिली पाळी सुटली की एक तुकडी, दुसरी पाळी लागण्याआधी दुसरी, आणि रातपाळीवाले झोप काढून आले की तिसरी. प्रत्येक तुकडी उत्तम गात असे. कोलते खूश.

मग एका सुटीच्या दिवशी तिन्ही तुकड्या पहिल्यांदाच एकत्र उभ्या राहिल्या. रातपाळीवाल्यांनी मारुतीच्या आरतीसारखी द्रुत लय धरली आणि ते पुढे निघून गेले. दुसऱ्या पाळीवाल्यांनी त्यांना गाठायचा प्रयत्न केला. पहिल्या पाळीवाल्यांना राबून आल्यावर संथ गायची सवय. त्यांच्या सिंहासनारोहणाला अजून अवकाश होता!

गाणे तीन वेळा संपले. कोलते डोके धरून म्हणाले, "एकाच महाराजांचे तीन राज्याभिषेक झाले, बाप्पा!"

* * *

हा गुंता सोडवला सुखदेव रामटेके यांनी. रामटेके म्हणजे मिलमध्ये क्रेनखाली उभे राहून वरच्या चालकाला हाताने खुणा करणारे सिग्नलमन. तिथल्या आवाजात बोलणे व्यर्थ. तर्जनी वर फिरली की हुक वर, खाली फिरली की खाली, दोन्ही हात आडवे पसरले की जिथे आहे तिथे थांब. देवरावजींनी सारी हयात या माणसाच्या हातांकडे बघत क्रेन चालवली होती.

रामटेके वृंदापुढे उभे राहिले. तर्जनी वर फिरली, आवाज चढला. खाली फिरली, उतरला. संगीताच्या कुठल्याही ग्रंथात नसलेली ही विद्या. पण सगळे मिलचे गडी, एकालाही समजावून सांगावे लागले नाही!

मग त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. वृंद अर्ध्या शब्दावर थांबला. मैदानालगतच्या रस्त्याने सायकलवरून एक अनोळखी गृहस्थ चालले होते, तेही करकचून ब्रेक लावून थांबले.

कोलत्यांनी विचारले, "तुम्ही काऊन थांबले, जी?"

"मले काय माहीत? रामटेकेनं हात केला ना!"

* * *

मंचावरच्या देखाव्यासाठी सिंहासन करायचे काम हथखोजला वर्कशॉप असलेल्या बंडूभाऊ नेवाऱ्यांनी अंगावर घेतले. नाटकातले सिंहासन लाकडाचे, पुठ्ठ्याचे असते. चौघांनी उचलावे, मंचावर ठेवावे. पण भिलाईच्या माणसाला लाकूड सुचतच नाही. बंडूभाऊंनी जाड पोलादी पत्रा कापला, वेल्डिंग केले, सिंहांची तोंडेसुद्धा पोलादाची घडवली.

सिंहासन ट्रकमधून आले. उतरवायला हायड्रा क्रेन मागवावी लागली. मंचाच्या फळ्यांवर ते ठेवणे अशक्य. तेव्हा आधी सिंहासन जमिनीवर बसवले आणि त्याच्याभोवती मंच बांधला.

कोलते संतापले, "अरे, एवढं जड कोनी करते का?"

बंडूभाऊ शांतपणे म्हणाले, "महाराजांचं सिंहासन हाललं नाही पाहिजे, असं भाषणात तुमीच म्हनले होते ना!"

* * *

इकडे कॅम्प-एक वस्तीतल्या आपल्या घरी देवरावजींचा रियाज चालू होता. आपला आवाज केवढा लागतो, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. हार्मोनियमच्या लाकडावर डावा तळहात टेकवायचा, स्वराचा कंप हाताला लागला की डोळे मिटून गायचे. गल्लीत दोन्ही टोकांना ऐकू जाई.

शेवटी शेजाऱ्यांनी त्यांच्या पत्नीला, शांताबाईंना, गाठले. "काकूजी, काकाजींचा आवाज जरा कमी करा ना."

शांताबाई म्हणाल्या, "बटन माह्यापाशी असतं त लग्नाच्या साली कमी केलं असतं!"

हे मला त्यांनी स्वतःच सांगितले, पदराला हात पुसत, हसत. आतून गाणे येत होते. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "लई वर्सांनी घरात गानं आलं. त्या दिवशी लोकं उठून गेले त हे पुन्हा नाही गाणार. मले माहीत आहे ना यांचा सोभाव."



* * *

महोत्सवाच्या संध्याकाळी मैदान काठोकाठ भरले. वृंदगायन एकाच वेळी सुरू झाले आणि, खरे सांगतो, एकाच वेळी संपले! पोवाडे झाले. ढोलताशे झाले. मुलांनी हिंदी उच्चारांत मराठी गाणे म्हटले. मी कानाडोळा केला, पुढे बसलेल्या आज्यांनी डोळे पुसले.

नऊला थोडा अवकाश असताना देवरावजींचे नाव पुकारले. ते माइकजवळ गेले तेव्हा त्यांच्या कानातले यंत्र कुई करून ओरडू लागले. शांताबाई मंचावर चढल्या, यंत्र काढून मुठीत घेतले आणि खाली उतरल्या. आता देवरावजींना काहीच ऐकू येणार नव्हते.

गाणे आमच्याच एका दिवंगत सभासदाने रचलेले, राज्याभिषेकाच्या पहाटेचे. मंचाखाली, अगदी समोर, रामटेके उभे राहिले. देवरावजींनी त्यांच्या हातांवर नजर खिळवली. तर्जनी वर फिरली, आणि तो जुना आवाज निघाला. थोडा खरखरीत झालेला, पण जागेवर. दुसऱ्या कडव्यात सूर सरकला. रामटेक्यांनी बोट किंचित खाली फिरवले आणि सूर अलगद खाली येऊन बसला, जसा एखादा गरम पोलादी ठोकळा आपल्या जागी बसावा.

नऊ वाजले. मी वळून पाहिले. शांताबाई तर मागे पाहायलाच तयार नव्हत्या. पाळीवाल्यांचे डबे मांडीवर होते, काही जणांनी घड्याळे पाहिली. रस्त्यावर कोणीतरी सोबत्यासाठी स्कूटरचा हॉर्न वाजवला. कोणी उठले नाही.

शेवटचे कडवे झाले. रामटेक्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. देवरावजी थांबले. आणि एकदम सगळे मैदान उभे राहिले! टाळ्या अशा, की मंचाच्या फळ्या थरथरल्या.

देवरावजींनी रामटेक्यांवरची नजर उचलली. डोळ्यांवर दिव्यांचा झोत होता. समोरच्या अंधारात त्यांना एवढेच दिसले, की माणसे उठली आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचा चेहरा पडला. मग ते पुढे झाले, माइक दोन्ही हातांनी धरला आणि काकुळतीने म्हणाले, "बसा ना, बाप्पा! पाळीले अजून टाइम आहे. एकच कडवं राह्यलं!"

गाण्यात कडवे उरले नव्हते.

सगळे मैदान खाली बसले.