अर्धी गोळी

आईचे डोळे लाल व्हायला लागले तेव्हा आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहत होतो, आणि तिथे लाल डोळ्यांचं कुणाला कौतुक नव्हतं. एमआयडीसीकडून वास सुटला की अख्खी चाळ डोळे चोळायची. त्यामुळे दोन वर्षं आई डोळे चोळत राहिली आणि मी कंपन्यांना शिव्या घालत राहिले. शेवटी मी हट्टाने वांगणीला घर घेतलं. हवा स्वच्छ, समोर शेत. डोळे मात्र तसेच लाल, शिवाय पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला टोचायला लागले. आई उल्हासनगरच्या कारखान्यातल्या जीन्स फिनिशिंगसाठी घरी आणून त्यांचे सुटे धागे कापायची. हात सराईत. आरशात बघून चिमट्याने केस उपटायची आणि म्हणायची, "बघ, झालं फिनिशिंग."

मुंबईच्या हॉस्पिटलात तिच्या डोळ्याचा अगदी बारीकसा तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच आईच्या डोळ्यावरच्या नाजूक कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडल्या होत्या. आधी सूज येते, मग त्या आणखी पेशींना बोलावून घेतात, आणि जखम भरता भरता तिथे व्रण धरतो. तोच व्रण पापणीला आत ओढतो.

"झालेला व्रण जात नाही, पुढचा थांबवायचा," बाई म्हणाल्या. "त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या देतेय. एकही चुकवायची नाही."

"म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन," आई म्हणाली. "चोर सोडून माझीच पिशवी तपासतो."

डॉक्टरबाई हसल्या. मी नाही हसले.

प्रतिकारशक्ती दाबायची? बाबा कोरोनात गेले होते. ते हॉस्पिटलात आत, आणि मी गेटबाहेर नुसती फोन धरून उभी. तेव्हापासून आमच्या घरात प्रतिकारशक्ती वाढवणं हा धर्मच झाला होता. रोज सकाळी गुळवेल, तुळस, आलं, मिरी उकळायचं आणि प्यायचं. आता ही बाई म्हणते दाबा! उद्या साधा ताप आला तर आईसुद्धा जाईल, हे एकच माझ्या डोक्यात बसलं. हे तिथेच विचारायला काय झालं होतं? पण नाही, मला अक्कल जास्त ना! मी स्वतःच डॉक्टर झाले. गोळीचे दोन तुकडे करायचे, अर्धा आईला, अर्धा डब्यात, आणि वर पेलाभर काढा. आईला बारीक दिसत नव्हतं. तळहातावर ठेवीन ते ती गिळायची. तिला साधी सर्दीसुद्धा झाली नाही म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

चार महिन्यांनी उजव्या डोळ्याची खालची पापणी डोळ्यालाच चिकटली. आता त्या डोळ्याने तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही.

डॉक्टरबाईंनी बॅटरी विझवली. "गोळ्या नीट घेतल्यात ना?"

मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "मीच विसरायचे मधूनमधून. हिला ओरडू नका."

बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं बोटांनी धागे शोधले गं. अर्धी गोळी बोटाला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस? डोळा गेला ना!" मी ओरडलेच. लोक वळून बघायला लागले.

"तुझे बाबा गेले तेव्हा तुला काही करता आलं नाही, ते तुला आतून खात होतं. काढा ढवळताना तुझा चेहरा जरा बरा दिसायचा. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

मी तिथेच ढसाढसा रडले. ती पदराने माझं तोंड पुसत राहिली, जणू डोळा माझाच गेला होता.

मग परत आत जाऊन मी डॉक्टरबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या चिडल्या, आणि चिडायलाच हव्या होत्या. शांत झाल्यावर म्हणाल्या, "ताप आला तर त्याच दिवशी घेऊन या. घाबरायचं असेल तर इथे येऊन घाबरा. पण गोळी पूर्ण द्या, आणि तो काढा बंद. डावा डोळा अजून बराच चांगला आहे."

काढ्याच्या पातेल्यात आता आम्ही चहा करतो. सकाळी मी गोळी आईच्या तळहातावर ठेवते. डाव्या डोळ्याने तिला ती दिसते, मीही दिसते. तरी ती गोळीच्या कडेवरून सगळीकडून अंगठा फिरवते. तोपर्यंत मी पाण्याचा पेला धरून उभी असते.

"पूर्ण आहे," ती म्हणते, आणि गिळते.