शोकेसमधला रिमोट

माझा दोस्त दिनकर गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातात मिसळीचा तिसरा पाव होता. फोन त्याच्या धाकट्या भावाचा, सुरेशचा. "दादा झोपेतच गेला, भाऊ. एकदम शांत. काही त्रास नाही झाला." त्रास नाही झाला! पाव तसाच खाली ठेवला. माझ्या हयातीत मी पाव खाली ठेवलेला नाशिकने पाहिला नव्हता.

अंबडच्या कारखान्यात लेथवर दिनकरची कंबर गेली, मग पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाठीचा फोटो स्वच्छ आहे. फोटो स्वच्छच होता हो, माणूस कळवळत होता… पायातून तापलेली सळई फिरायची. बसणं संपलं. मिसळ उभ्याने, नाटकं उभ्याने. नाट्यगृहात मागच्या भिंतीला टेकून टेकून त्याने तिथला रंग उडवला, शेवटी त्यांना भिंत नवी बांधावी लागली. घरच्या कार्यात थोरल्याने पाटावर बसायचं, तर हा उभाच. सुरेशला तो अपमान वाटे. चारचौघांत म्हणायचा, "फोटो नॉर्मल, मग हे नाटक कुणासाठी?"

पुढे एका डॉक्टरांनी कण्यालगत बारीक तारा बसवल्या. आधी आठवडाभर नुसती चाचणी, मग कमरेखाली कातडीत बॅटरी. तारांतून सौम्य वीज जाते, दुखण्याचा आवाज बारीक होतो आणि त्या जागी मुंग्या येतात. कमीजास्त करायला रिमोट. मी गल्लीत उठवून दिलं की लोडशेडिंगमध्ये त्याची बायको, आमच्या मंदावहिनी, दिनकरला वायर जोडून मिक्सर चालवतात. दोघी शेजारणी खोबरं घेऊन आल्या! त्या दिवशी दिनकर हसला, तेही खुर्चीत बसून. म्हणाला, "आता चिऊच्या साखरपुड्याला पाटावर बसतो. सुरेशचा राग एकदाचा जाऊ दे."

चिऊ सुरेशची मुलगी. गंगापूर रोडच्या लॉन्सवर कार्य. दिनकर पाटावर बसायला निघाला तसा सुरेश पुढे झाला. "दादा, रिमोट खिशात फुगतोय, फोटोत दिसेल. दे इकडे." दिनकरने विश्वासाने दिला. सगळे विधी होईपर्यंत तो पाटावर होता. ओटी झाली, अंगठ्या झाल्या, हा हसतोय. मी मनात म्हटलं, जिंकला गडी!

जेवणात सुरेश मठ्ठ्याचा ग्लास नाचवत पाहुण्यांना सांगत होता, "अहो, मी बटण बंदच करून ठेवलं होतं! पठ्ठ्या बसला की नाही हसत? म्हटलं नव्हतं, नाटक आहे?" लोकही हसले. मी त्याच्या खिशातून रिमोट ओढला आणि धावलो. दिनकर गाडीच्या मागच्या सीटवर आडवा, शर्ट पिळून काढावा इतका ओला.

"कळलं नाही तुला?"

"मुंग्या थांबल्या तेव्हाच कळलं."

"मग ओरडायचंस ना, गाढवा!"

"चिऊच्या साखरपुड्यात ओरडू?"

मला त्रास झाला हे सुरेशला सांगू नकोस, असंही वर म्हणाला. त्यानंतर तो कुठल्या कार्याला गेला नाही. सुरेशने त्याचाही अर्थ लावला… सोंग उघडं पडलं, म्हणून येत नाही.

परवा सुरेशकडे गेलो. त्याने मंदावहिनींकडून रिमोट मागून आणलाय, आठवण म्हणून. शोकेसमध्ये दिनकरच्या हार घातलेल्या फोटोशेजारी. आल्यागेल्याला दाखवतो, "दादाने फार सोसलं हो."

मी काच सरकवून रिमोट त्याच्या हातात ठेवला. "सुऱ्या, दाब बटण."

"आता दाबून काय कळणार, भाऊ?"

"तेव्हा दाबून काय कळलं होतं?"

त्याने रिमोट जागेवर ठेवला. त्याच्या बायकोने चहा आणला, खुर्ची पुढे केली, बसा म्हणाली.

चहा मी उभ्यानेच घेतला.