बेटावरची चूल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला नाही, अंबाबाईसमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातही नाही. तिथं मी फक्त मागून घेतलं — कबूल काही केलं नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित जमेल.

बेटापासून सुरू करतो. हो, माझ्या मालकीचं एक बेट आहे. हसू नका. कोल्हापूरला समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. तासाभरावरच्या एका धरणाच्या फुगवट्यात एक टेकाड बुडायचं राहून गेलं. चारी बाजूंनी पाणी, वर करवंदाच्या जाळ्या, थोडे हिरडे आणि भरपूर साप. धरणासाठी ते कुणी घेतलं नव्हतं, म्हणून मूळ मालकाकडंच राहिलं होतं. त्याच्याकडून मी ते विकत घेतलं. ना वीज, ना वाट, ना मोबाईलला रेंज. मला तेच हवं होतं. राजारामपुरीत माझं टीव्ही-मिक्सरचं दुकान. दिवसभर भिंतीवरचे सगळे टीव्ही एकदम बोलत असतात आणि गिऱ्हाईक त्याहून मोठ्यानं. घर शिवाजी पेठेत — तिथं कुणी हळू बोललं तर लोक विचारतात, बरं न्हाय काय?

आणि माझा राग. हे आधी सांगायला हवं — की हे सांगून मी पळवाट काढतोय? माझा हात पहिल्यापासून सैल. एकदा फुटबॉलची मॅच हरल्यावर मैदानाबाहेर दुसऱ्या पेठेतल्या एकाचा मी दात पाडला होता, आणि तो रुमालात बांधून घरी आणला होता. दाखवायला. माणसांपासून लांब गेलो तर राग काढणार कुणावर, असं मी बायकोला म्हणायचो. बेट घेण्याचं हेही एक कारण होतं. तिला ते पटलं होतं. मलाही.

आता महेश. माझा धाकटा भाऊ, पेठेच्या टीमचा गोलकीपर. त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, 'भिंत' म्हणत. पंजे सुपाएवढे. लहानपणी मी गच्चीवरून काहीही फेकलं तरी तो खाली झेलायचा, एकदा तर कुंडी झेलली होती.

बेटावर पत्र्याची खोली बांधून झाली, त्यानंतरचा पहिला रविवार. मी एकटाच राहायला निघालो. होडी वल्हवत अर्ध्यात आलो तर धूर दिसला. मग गाणी ऐकू आली. मग वास आला — मटणाचा.

तुम्ही इकडचे असाल तर ओळखलं असेल. आमच्याकडं चार झाडं आणि पाणी दिसलं की माणसाला रस्सा सुचतो. दुसरं काही सुचतच नाही. दादाच्या बेटाची वास्तुशांत म्हणून महेशनं अख्खी टीम गोळा केली होती. गूळ शिजवायची जुनी काहील होडीसारखी पाण्यात सोडून, तिच्यात बकरं, पातेली, स्पीकर घालून सगळे सकाळीच पोचले होते. "मालक आलं रंऽऽ!" म्हणून मला बघून शिट्ट्या मारल्या. प्रेमानं केलं होतं सगळं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच राग जास्त आला का?

मी महेशला म्हणालो, "बंद कर. सगळ्यांना घेऊन जा."

तो हसला. "असं कसं दादा? बेट तुझं, रस्सा आमचा. गप बस की वाईच." आणि चुलीकडं पाठ करून कांदा चिरायला बसला.

पोरं पाण्यात डुंबत होती. संत्या — महेशचा जिवलग, चूल त्यानंच मांडली होती — सरपण आणायला खाली उतारावर गेला होता. चुलीच्या एका बाजूला महेशची पाठ, दुसऱ्या बाजूला धुरात मी. मध्ये तांबडा रस्सा रटरटत होता.

मी लाथ मारली.

झालं सांगून. भांड्याला मारली, त्याला नाही — असं मी स्वतःला सांगत आलो. पण भांडं कुठल्या बाजूला पडणार हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पातेलं कलंडलं, आवाजानं महेशनं मान वळवली, आणि गोलकीपर तो — दोन्ही हात पसरून त्यावर झेपावला. बॉल धरावा तसं उराशी धरलं. सोडलं तेव्हा पंज्यांची कातडी पातेल्यालाच राहिली. त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी कापताना बकऱ्याचाही ऐकलेला नाही.

इथवर राग म्हणता येईल. पुढचा राग नव्हता. संत्या सरपण टाकून धावत आला, आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. "चूल कशी मांडलीस रं? दगड सरकला!" तो पडला तशी बरगडीत लाथ घातली, त्याच बुटानं. डोकं थंडगार होतं माझं. पोरं पाण्यातून वर आली, त्यांनी तेच ऐकलं आणि तीही तुटून पडली. एकानं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं. ते संत्याच्या खांद्यावर विझलं. मी कुणाला आवरलं नाही. महेशला होडीत घालून निघालो, दवाखान्यात पोचवलं. थोरला होता म्हणून धाकटा वाचला, असं पेठ अजून सांगते.

महेश परत खेळला नाही. बोटं आखडून मिटली ती मिटलीच. शर्टाची बटणं त्याची बायको लावते. संत्याला पोरांनी पेठेतल्या तालमीच्या दारात पुन्हा तुडवला, नाकाचं हाड मोडलं, मग तो वारणानगरला मामाकडं गेला आणि तिकडंच कामाला लागला. मी त्या वेळी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. चहा संपवला.

बेट अजून आहे. मी जातो. तिथं आता कुणी येत नाही, हवी होती तशी शांतता आहे. चुलीचे तिन्ही दगड तिथंच आहेत. त्यातला एकही कधी हललेला नव्हता.

मागच्या महिन्यात महेश वारणानगरला जाऊन आला. रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. दोन्ही मनगटांत वाटी धरून रस्सा पिता पिता म्हणाला, "दादा, संत्याला माफ करून आलो. किती दिस धरून बसायचं?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"रडला की रं. पाया पडला माझ्या. म्हणतोय, दगूड मीच नीट बसवला न्हवता, अजून झोप लागत न्हाय."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. लहानपणापासून तो काही केलं की असंच बघतो, मी बरं म्हणेपर्यंत.

"बरं केलंस," मी म्हणालो, आणि त्याच्या वाटीत रस्सा वाढला.